एकच कॅमेरा, दोन रेकॉर्डर : जोडणी कशी करावी, डबा कुठे ठेवावा, चावी कोणाकडे असावी

घर एक, चुली दोन. खालच्या मजल्यावर मोठा भाऊ, वरच्या मजल्यावर धाकटा, आणि मधला कुवेतला. गेटवरचा कॅमेरा मोठ्याने बसवला, म्हणून रेकॉर्डिंगचा डबा त्याच्या हॉलमध्ये. धाकट्याच्या स्कूटरला रात्री कोणीतरी धडक देऊन गेले तर त्याने खाली येऊन म्हणायचे, "भाईजान, जरा कालचं रेकॉर्डिंग बघू द्या." भाईजान गावाला गेलेले असले की हॉलला कुलूप. ते परत येईपर्यंत हार्ड डिस्क भरते आणि त्या रात्रीचे चित्रण आपोआप पुसले जाते.

मशिदीत, मदरशात, कब्रस्तानच्या गेटवर, मिरकरवाड्यातल्या मासळीच्या गोदामात किंवा कोकणनगरमधल्या सोसायटीतही हीच गोष्ट. कॅमेरे आठ-दहा, पण रेकॉर्डर एकच, आणि तोही बहुतेक वेळा दानपेटीच्या किंवा गल्ल्याच्या शेजारच्या कपाटात. चोराने पेटीबरोबर डबाही उचलला, तर आठही कॅमेऱ्यांनी काय पाहिले हे सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून बरेच जण विचारतात, एकच कॅमेरा दोन रेकॉर्डरना जोडता येतो का? येतो. पण वायर दोन ठिकाणी नेऊन टोचली की काम झाले, असे नाही. कॅमेरा कोणत्या जातीचा आहे यावर जोडणी ठरते. ती कशी करायची, कुठे फसगत होते आणि पुढे कायद्याच्या दृष्टीने तिचा काय उपयोग, हे इथे एकत्र दिले आहे. वायरमनला बोलावण्याआधी एकदा वाचा.

आधी ठरवा : दुसरा रेकॉर्डर हवा की दुसरा मोबाईल?

फक्त "मलाही बघायचं आहे" एवढीच गरज असेल, तर दुसरा रेकॉर्डर घेऊ नका. आहे त्याच रेकॉर्डरमध्ये दुसरा युजर तयार करा, त्याला फक्त पाहण्याची परवानगी द्या आणि मोबाईल ॲपमध्ये जोडा. दुसऱ्या खोलीत टीव्हीवर चित्र हवे असेल तर एचडीएमआय स्प्लिटर पुरतो. दोन्ही कामे कमी खर्चात होतात.

दुसरा रेकॉर्डर लागतो तो तीन कारणांसाठी. पहिले, एक डबा चोरीला गेला, बिघडला किंवा पाण्यात गेला तरी रेकॉर्डिंग शिल्लक राहावे. दुसरे, दोन कुटुंबांची किंवा दोन संस्थांची मालकी वेगळी असावी, कोणी कोणावर अवलंबून राहू नये. तिसरे, एक डबा तपासासाठी पोलिसांनी नेला तरी दुसरा चालू राहावा. या तिन्हींचा अर्थ एकच: दोन्ही रेकॉर्डर एकमेकांच्या आधाराशिवाय चालले पाहिजेत. पुढच्या प्रत्येक जोडणीला हीच कसोटी लावायची.

कॅमेरा कोणता आहे ते ओळखा

कॅमेऱ्यामागे गोल फिरवून बसवायचा बीएनसी कनेक्टर आणि वेगळी डीसी पिन असेल, तर तो कोॲक्सियल केबलवरचा ॲनालॉग एचडी कॅमेरा. आपल्याकडे याला "थ्री प्लस वन" वायर वापरतात: मधली कोॲक्स चित्रासाठी, सोबतच्या बारीक तारा वीज आणि आवाजासाठी. त्याच्या रेकॉर्डरला डीव्हीआर म्हणतात.

मागे लॅनची, म्हणजे इंटरनेटच्या केबलसारखी जोडणी असेल तर तो आयपी कॅमेरा. त्याचा रेकॉर्डर एनव्हीआर. हा कॅमेरा म्हणजे एक छोटा संगणकच असतो. तो चित्र स्वतः आत तयार करतो आणि मागेल त्याला नेटवर्कवरून देतो. दोन रेकॉर्डरसाठी हाच प्रकार सोपा.

डीव्हीआरचे कॅमेरे : "टी" लावू नका

सर्वात जास्त होणारी चूक इथेच होते. बाजारात बीएनसीचा टी मिळतो, स्वस्त असतो. कॅमेऱ्याची वायर त्यात घालायची आणि दोन बाजूंनी दोन डीव्हीआरना न्यायची. चित्र दिसते, म्हणून काम झाले असे वाटते. पण ते चित्र काळपट असते, कडांना सावल्या पडतात आणि एचडी कॅमेरा असेल तर मधूनच "व्हिडिओ लॉस" येतो.

कारण साधे आहे. ही सगळी यंत्रणा ७५ ओहमच्या हिशोबावर बनलेली असते. कॅमेरा ७५ ओहमचा, केबल ७५ ओहमची, डीव्हीआरही ७५ ओहमचा. अशा जोडणीत डीव्हीआरला १ व्होल्टचा सिग्नल मिळतो. टी लावून दोन डीव्हीआर जोडले की दोघांचा मिळून भार ३७.५ ओहम होतो आणि प्रत्येकाला साधारण ०.६७ व्होल्टच मिळतो. एक तृतीयांश सिग्नल गेला. वर लांब केबलमधली घट वेगळी. दिवसा चालून जाते, रात्री नंबर प्लेट वाचायची वेळ आली की नेमके तेव्हाच फसते.

योग्य उपाय म्हणजे विजेवर चालणारा व्हिडिओ डिस्ट्रिब्युटर. याला बाजारात ॲक्टिव्ह स्प्लिटर किंवा डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर म्हणतात. एक सिग्नल आत, दोन पूर्ण ताकदीचे सिग्नल बाहेर. घेताना दोन गोष्टी पाहा: त्याला स्वतःचा वीजपुरवठा असावा, आणि आपला कॅमेरा ज्या पद्धतीचा आहे ती पद्धत, म्हणजे टीव्हीआय, सीव्हीआय किंवा एएचडी, आणि जितक्या मेगापिक्सेलचा आहे तितके मेगापिक्सेल त्याला चालत असावेत. जुन्या साध्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेला डिस्ट्रिब्युटर एचडी सिग्नल नीट पुढे देत नाही. काही जुन्या डीव्हीआरच्या मागे "लूप आऊट" असे बीएनसी असतात. तिथून दुसऱ्या डीव्हीआरला सिग्नल नेता येतो.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, सिग्नल दोन ठिकाणी गेला तरी कॅमेऱ्याची वीज एकाच एसएमपीएसवरून द्या. दोन मजल्यांवरचे दोन पुरवठे एकाच कॅमेऱ्याला जोडू नका.

दोन, दोन मजल्यांना महावितरणचे वेगळे मीटर आणि वेगळे अर्थिंग असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा खराब नसतो. दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे कोॲक्सच्या जाळीतून प्रवाह वाहत असतो. दुसऱ्या डीव्हीआरच्या बाजूला ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की पट्टे जातात. मात्र पट्टे घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे. तो कोणालाही करू देऊ नका.

तीन, कॅमेऱ्याची मेनू सेटिंग कोॲक्सवरूनच बदलता येते, पण स्प्लिटर लावल्यावर ही सोय बहुधा एकाच डीव्हीआरवरून चालते किंवा बंद पडते. म्हणून सेटिंग आधी करून घ्या, मग स्प्लिटर जोडा.

चार, शेजारच्या खिडकीवर काळी पट्टी टाकून ती झाकायची असेल तर ती पट्टी डीव्हीआरमध्ये टाकली जाते. डीव्हीआर दोन असतील तर दोन्हींत वेगवेगळी टाकावी लागते. एकात विसरलात तर तिथे खिडकी उघडीच.

आयपी कॅमेरे : सगळे स्विचवर आणा

इथे केबल दोन करायची गरज नाही. प्रत्येक कॅमेऱ्यापासून एक कॅट सिक्स केबल पीओई स्विचपर्यंत येते. त्याच केबलमधून वीजही जाते. दोन्ही एनव्हीआर त्याच स्विचला जोडायचे. दोघेही कॅमेऱ्याकडे आपापली प्रत मागतात आणि कॅमेरा दोघांना देतो. केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. साध्या पीओई स्विचचे एक पोर्ट १५.४ वॉटपर्यंत वीज देते. ती बहुतेक स्थिर कॅमेऱ्यांना पुरते, पण सगळ्या पोर्टची मिळून किती वॉट देतो हा आकडा स्विचच्या खोक्यावर नक्की पाहा.

पण इथेही सापळे आहेत.

पहिला सापळा, एनव्हीआरच्या मागचे पीओई पोर्ट. बऱ्याच एनव्हीआरला मागेच चार-आठ पोर्ट असतात, आणि कॅमेरे थेट त्यात लावले जातात. अशा वेळी तो एनव्हीआर कॅमेऱ्यांचे स्वतःचे वेगळे नेटवर्क बनवतो आणि दुसऱ्या एनव्हीआरला ते कॅमेरे दिसतच नाहीत. शिवाय पहिला बंद पडला की कॅमेऱ्यांची वीजही गेली. दोन रेकॉर्डर हवे असतील तर कॅमेरे बाहेरच्या स्विचवरच हवेत. हे काम देतानाच सांगा, नंतर बदलायला खर्च येतो.

दुसरा सापळा, दोन राउटर. खालच्या मजल्याचे ब्रॉडबँड वेगळे, वरचे वेगळे. दोन्ही राउटर एकाच स्विचला जोडले की दोघेही आयपी पत्ते वाटायला लागतात. मग कॅमेरा कधी दिसतो, कधी गायब, आणि घरचे इंटरनेटही अडखळते. उपाय असा: प्रत्येक एनव्हीआर दोन लॅन पोर्टचा घ्या. एक पोर्ट कॅमेऱ्यांच्या स्विचला, दुसरे आपापल्या घरच्या राउटरला, आणि दोन्हींकडचे पत्ते वेगळ्या मालिकेतले. कॅमेऱ्यांचे जाळे असे वेगळे राहिले की कोणाचे नेट गेले तरी रेकॉर्डिंग थांबत नाही.

तिसरा सापळा, पत्ते. प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा आयपी पत्ता द्या आणि तो कागदावर लिहून ठेवा. पत्ता बदलत राहिला तर एक एनव्हीआर कॅमेरा शोधून काढेल, दुसरा नाही.

चौथा सापळा, पासवर्ड. दोन्ही एनव्हीआर कॅमेऱ्याच्या "ॲडमिन" पासवर्डवरच जोडले जातात. मग एकाने पासवर्ड बदलला की दुसरा जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. बरेच कॅमेरे काही चुकीच्या प्रयत्नांनंतर ते खातेच कुलूपबंद करतात. त्यामुळे ज्याच्याकडे नवा पासवर्ड आहे तोही बाहेर. म्हणून कॅमेऱ्यात प्रत्येक एनव्हीआरसाठी वेगळा युजर बनवा. ॲडमिन पासवर्ड पाकिटात बंद करून ठेवा.

पाचवा सापळा, सेटिंगची ओढाताण. चित्राचा दर्जा, वेळ, हालचाल ओळखण्याची जागा हे सगळे कॅमेऱ्यात साठते. एका एनव्हीआरने बदलले की दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगलाही ते लागू होते. एकाच एनव्हीआरला "मोठा" ठरवा, बदल तिथूनच करा. याचा फायदाही आहे: खिडकी झाकणारी काळी पट्टी कॅमेऱ्यातच टाकली की दोन्ही रेकॉर्डरना ती झाकलेलीच दिसते.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एनव्हीआर असतील तर "ऑनव्हिफ" पाहा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ही समान पद्धत आहे. तिच्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलतो. प्रोफाइल एस म्हणजे चित्र देण्याची साधी सोय, प्रोफाइल टी नंतरचे आणि एच.२६५ धरून. काही कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ आधी चालू करावे लागते आणि त्याचा युजरही वेगळा असतो. परक्या एनव्हीआरवर चित्र येते, पण हालचाल झाली तरच रेकॉर्ड करण्याची सोय कधी कधी चालत नाही. तिथे सरळ चोवीस तास रेकॉर्डिंग लावा. एक कॅमेरा एका वेळी किती जणांना चित्र देऊ शकतो याचीही मर्यादा असते. ती त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते.

पहिल्या डब्यातून दुसरा डबा : ही शॉर्टकट वाट

काही जण सुचवतात, दुसऱ्या एनव्हीआरमध्ये पहिला डीव्हीआरच नेटवर्कवरून जोडू, वायरिंगला हात लावायला नको. हे जमते आणि स्वस्तही पडते. पण पहिला डबा बंद झाला, चोरीला गेला किंवा कोणी प्लग काढला की दुसराही आंधळा. आधी ठरवलेल्या कसोटीवर ही जोडणी नापास. मात्र जुने रेकॉर्डिंग दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित राहते, म्हणून अगदीच काही नसण्यापेक्षा बरी.

फिरणारा कॅमेरा आणि दोन कंट्रोलर

ईदगाहच्या मैदानावर किंवा जेटीवर फिरणारा पीटीझेड कॅमेरा असतो. चित्र दोघांना देता येते, पण कॅमेरा एका वेळी एकाच दिशेला वळणार. आयपी पीटीझेडमध्ये युजरना प्राधान्य देता येत असेल तर ते ठरवून द्या.

जुन्या पद्धतीत फिरवण्याचा हुकूम आरएस-४८५ नावाच्या दोन तारांवरून जातो. ही लाइन एका कॅमेऱ्यातून पुढच्या कॅमेऱ्यात साखळीसारखी न्यायची, फांद्या फोडायच्या नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा नंबर, आणि प्रोटोकॉल व वेग सगळीकडे सारखा. लाइन जास्तीत जास्त सुमारे १,२०० मीटर. दोन कंट्रोलर थेट याच तारांना जोडले आणि दोघांनी एकाच वेळी दांडी हलवली, तर दोन्ही हुकूम एकमेकांत मिसळतात आणि कॅमेरा भलतीकडेच बघत बसतो. मधे आरएस-४८५ चा एकत्रक, म्हणजे दोन कंट्रोलरचे हुकूम एकापाठोपाठ सोडणारे यंत्र लागते.

दुसरा डबा ठेवायचा कुठे?

दोन्ही रेकॉर्डर एकाच कपाटात ठेवले तर दुसरा घेतला काय, न घेतला काय! २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरची दुकाने बुडाली. तळमजल्यावरच्या रेकॉर्डरचे अशा वेळी काय होते ते वेगळे सांगायला नको. एक डबा वरच्या मजल्यावर, शक्य असेल तर दुसऱ्या इमारतीत ठेवा. तो दिसण्यासारखा नसावा, पण हवा खेळती असावी.

दुसऱ्या इमारतीत न्यायचे असेल तर तांब्याची केबल छपरांवरून ओढू नका. कोकणात मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. लांब तांब्याच्या तारेवरून तो झटका स्विच, कॅमेरे आणि दोन्ही रेकॉर्डर एकदम जाळू शकतो. ऑप्टिकल फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. फायबरमधून वीज वाहत नाही आणि १०० मीटरची अडचणही नाही. दोन इमारती समोरासमोर असतील तर वायरलेस ब्रिजही चालतो.

रत्नागिरीची खारी हवा आणि पावसाळा बाहेरचे बीएनसी आणि लॅनचे जोड खाऊन टाकतात. प्रत्येक जोड बंद पीव्हीसी बॉक्समध्ये हवा, केबल बॉक्सच्या खालून आत शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. स्विच आणि दोन्ही रेकॉर्डरना बॅकअप द्या. दोन रेकॉर्डर असून स्विचला यूपीएस नसेल तर लाइट गेल्यावर दोघेही काळा पडदा रेकॉर्ड करतील.

हार्ड डिस्कचा हिशोब

हिशोब सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी लागतात. एच.२६५ वर २ मेगाबिट ठेवले तर निम्मे, म्हणजे २१.६ जीबी. आठ कॅमेरे, २ मेगाबिट, तर दिवसाला १७३ जीबीच्या आसपास. २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. महिनाभराचे हवे असेल तर ५.२ टीबी लागतील, म्हणजे ६ टीबीची डिस्क.

दुसऱ्या रेकॉर्डरवर तेवढाच खर्च करायलाच हवा असे नाही. तिथे फक्त गेट, दानपेटी आणि रस्त्याकडचा असे तीन कॅमेरे पूर्ण दर्जाने ठेवा, बाकीचे हलक्या प्रतीत. ०.५ मेगाबिटच्या हलक्या प्रतीला दिवसाला साडेपाच जीबीही लागत नाहीत. चेहरा नीट दिसणार नाही, पण कोण कधी आले-गेले ते कळेल.

कुवेत-दुबईहून पाहणाऱ्यांसाठी

परदेशातल्या माणसाला रेकॉर्डरच्या ॲपमधून पाहू द्या, तेही स्वतःच्या युजरने. राउटरमध्ये पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०१६ मध्ये "मिराई" नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन त्यांच्यामार्फत मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. मालकांना पत्ताही नव्हता. नवा कॅमेरा घेताना केंद्र सरकारने २०२४ मध्ये बंधनकारक केलेली सुरक्षा चाचणी त्या मॉडेलने पार केली आहे का, हे दुकानदाराला विचारा.

दोन रेकॉर्डिंगपैकी खरे कोणते? कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ५७ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की व्हिडिओ साठवला जात असतानाच तो दुसरीकडेही पाठवला जात असेल, तर साठवलेले प्रत्येक रेकॉर्डिंग प्राथमिक पुरावा मानले जाईल. म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डरमधले चित्रण "झेरॉक्स" आहे म्हणून दुय्यम ठरत नाही. नीट जोडलेल्या दुसऱ्या डब्याची खरी किंमत इथे आहे.

तरी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये काढून दिले की सोबत कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा हॅश आकडा लिहावा लागतो. हा आकडा म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो. या प्रमाणपत्राचे महत्त्व आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात ठरले. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणापर्यंत गेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. तेव्हाचे कलम ६५ब आता ६३ झाले.

चित्रण नसण्याचाही परिणाम होतो. वाराणसीच्या हॉटेलमधील मृत्यूच्या प्रकरणात, तोमासो ब्रुनो खटल्यात, सरकार पक्षाने हॉटेलचे सीसीटीव्ही चित्रण हजर केले नाही. ही गोष्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकार पक्षाच्या विरोधात धरली आणि आरोपींची सुटका केली. कॅमेरा फिर्यादीलाही कामी येतो, खोटा आळ आलेल्यालाही.

म्हणून व्यवहारात इतके करा. घटना घडताच तो भाग दोन्ही रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपात काढा. टीव्हीच्या पडद्याचे मोबाईलने केलेले शूटिंग किंवा व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप पुरावा म्हणून कमकुवत पडते, आणि मोहल्ल्यात अफवेला मात्र तीच पुरते. पोलिसांनी रेकॉर्डिंग मागितले तर सहकार्य करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते मागता येते. लेखी नोटीस मागा, डबा नेला तर पंचनाम्यात रेकॉर्डरचा आणि हार्ड डिस्कचा सिरियल नंबर लिहिला आहे का ते पाहा आणि प्रत घ्या. रेकॉर्डिंग पुसण्याचा मोह कोणी दिला तरी नको. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

दोन रेकॉर्डिंगमधल्या घड्याळात चार मिनिटांचा फरक निघाला तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. म्हणून दोन्ही एनव्हीआरना आणि कॅमेऱ्यांना एकाच ठिकाणाहून वेळ घ्यायला लावा. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ठेवते आणि ती इंटरनेटवरून मिळते. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला नसेल तर दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला हाताने मिळवा.

दुसरा डबा म्हणजे दुसरे डोळे

हे विसरून चालणार नाही. रेकॉर्डर दुप्पट झाले की पाहणारेही दुप्पट झाले. वजूखाना, बायकांची नमाजची जागा, मदरशातल्या मुलामुलींच्या झोपायच्या खोल्या, घरातला आतला ओटा, इथे कॅमेरा नकोच. कोणाचे खासगी अंग त्याच्या संमतीविना टिपणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६इ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सामाईक घरात दुसऱ्या भावाच्या दारावर कॅमेरा रोखायचा असेल तर आधी त्याला विचारा. कोर्टात जाण्यापेक्षा एक कप चहा स्वस्त पडतो.

जमातीने किंवा सोसायटीने एका पानाचा ठराव करावा. दोन रेकॉर्डर कुठे आहेत, प्रत्येकाची चावी कोणाकडे, कोण नुसते पाहू शकतो आणि कोण रेकॉर्डिंग काढू शकतो, किती दिवस ठेवायचे, आणि बाहेर द्यायचे असेल तर किती जणांच्या सह्या. कमिटी बदलली की पासवर्ड बदलायचे आणि पाकीट नव्या सेक्रेटरीच्या हातात द्यायचे. अनेक ठिकाणी भांडण कॅमेऱ्यावरून नसते, पासवर्ड कोणाकडे यावरूनच असते.

पैसे देण्याआधी ही चाचणी घ्या

वायरमन म्हणेल, "झालं काम, दोन्हीकडे चित्र येतंय." त्याला थांबवा आणि समोर पाच गोष्टी करून घ्या.

१. पहिल्या रेकॉर्डरचा प्लग काढा. दुसऱ्यावर सगळे कॅमेरे चालू राहिले पाहिजेत. मग उलट करून पाहा.
२. घरचे इंटरनेट बंद करा. दोन्हींचे रेकॉर्डिंग चालूच राहिले पाहिजे.
३. मेन स्विच बंद करा. बॅकअपवर स्विच, कॅमेरे आणि दोन्ही रेकॉर्डर किती वेळ टिकतात ते घड्याळ लावून मोजा.
४. रात्री गेटवर एक गाडी उभी करा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही रेकॉर्डिंगमधून तिचा नंबर वाचून दाखवायला सांगा. वेळ सेकंदापर्यंत जुळते का तेही पाहा.
५. दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये काढून दुसऱ्या संगणकावर चालवून बघा.

हे पाचही जमले तरच उरलेले पैसे द्या. पहिली चाचणी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःच करा. प्लग काढायला वायरमन लागत नाही.